रुग्णवाहिका येईपर्यंत

वैद्यकीय मदत मिळेपर्यंत जखमीचा जीव राखणे आणि इजा वाढू न देणे, एवढेच प्रथमोपचाराचे काम. त्या पहिल्या मिनिटांत डॉक्टर क्वचितच जवळ असतो. शाळेत जवळ असतो तो बाकावरचा सोबती. म्हणून ही विद्या विद्यार्थ्यांच्या हातात हवी.

तिचा निम्मा भाग काय करू नये हा आहे. घोळणा फुटला की मान मागे टाकून कांदा हुंगवतात. पण मान मागे गेली की रक्त घशात उतरते. मुलाला किंचित पुढे वाकवून बसवावे आणि नाकाचा मऊ भाग १० मिनिटे चिमटीत धरावा. भाजल्यावर टूथपेस्ट किंवा हळद लावू नये, बर्फही नको. भाजलेला भाग २० मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावा. फिट आलेल्याला चप्पल हुंगवू नये, दातांत चमचा घालू नये. जवळच्या टणक वस्तू हटवाव्यात, झटके थांबले की त्याला कुशीवर वळवावे.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे महाराष्ट्रातले प्रमुख विषारी साप. दंशावर चिरा देणे, विष चोखणे किंवा करकचून दोरी बांधणे यांनी अपायच होतो. अंगठी, बांगड्या काढाव्यात, चावलेला हात वा पाय फळीचा आधार देऊन हलू देऊ नये आणि रुग्णाला थेट दवाखान्यात न्यावे. खरा उतारा प्रतिसर्पविषाचा. मांत्रिकाकडे गेलेला वेळ परत मिळत नाही.

माणूस बेशुद्ध असेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर रुग्णवाहिकेसाठी १०८ला फोन करून लगेच सीपीआर, म्हणजे छातीवर दाब देणे, सुरू करावा. हृदय थांबल्यावर चार-पाच मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते. प्रौढाच्या छातीच्या मध्यभागी तळहाताची टाच ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब द्यावा आणि दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी.

रस्त्यावर मदत करताना पोलिसांच्या चौकशीची भीती अनेकांना अडवते. मोटार वाहन कायद्यातील २०१९च्या दुरुस्तीने सद्‌भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती नाही.

मात्र वाचून हात तयार होत नाहीत. संमेलनातले नाटक तालमींवर उभे राहते, तसाच प्रथमोपचारही. पुतळ्यावर सीपीआर आणि मित्राच्या हातावर पट्टी, हा सराव प्रशिक्षकासमोर दरवर्षी व्हायला हवा.