कोकणात जेवायचे कोठे, प्यायचे काय?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली साधी गृहिणी. चारचौघींत उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. पण यंदा मंडळाची सहल कोकणात न्यावी असे घाटत आहे, आणि मी तिकडे दोनदा जाऊन आले आहे, म्हणून अध्यक्षाबाईंनी मला उभे केले. देवळे आणि किल्ले कोणीही सांगेल. मी जेवणाखाण्याचे सांगते.

कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली आणि कोकण आपल्याला जवळ आले. मंगला एक्स्प्रेस तर आपल्या जळगावहून थेट रत्नागिरीस जाते. आपण निघालो की दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधतो. आपल्या कोरड्या हवेत ती शिदोरी टिकते. तिकडच्या दमट हवेत दशम्यांना लवकर बुरशी धरते. म्हणून डबा गाडीपुरताच घ्यावा. स्टोव्ह आणि पोळपाट तर मुळीच नेऊ नये. तेथे जाऊनही आपणच पोळ्या लाटायच्या, तर घर सोडले कशाला?

मग जेवावे कोठे? माझे मत विचाराल तर घरगुती खानावळीत. गुहागर, दापोलीजवळचे मुरूड म्हणजे महर्षी कर्व्यांचे गाव, आणि खाली मालवण, तारकर्ली, येथे पुष्कळ घरी बायका जेवण करून वाढतात. शाकाहारी असाल तर गुहागर-मुरूडकडे वालाचे बिरडे, फणसाची भाजी, कुळथाचे पिठले आणि उकडीचे मोदक मिळतात. मालवणात सकाळी घावणे किंवा नारळाच्या रसातल्या शिरवाळ्या खाव्या. मांसाहारी भगिनींनी कोंबडी-वडे चुकवू नयेत. नारळाची सवय नसलेल्या पोटाला पहिल्या दिवशी बेताने द्यावे, एवढेच.

मासळीविषयी एक ध्यानात ठेवा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारीची बंदी असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. त्या दिवसांत ताटात आलेला मोठा मासा बहुधा बर्फातला समजावा. एरवी दापोलीजवळ हर्णे बंदरात मासळीचा लिलाव चालतो, तो अवश्य पाहावा. ताज्या माशाचे कल्ले लालबुंद, डोळे स्वच्छ, आणि बोटाने दाबले तर मांस पुन्हा वर येते.

आता पिण्याचे. आपल्याकडे ऊन कडक, पण घाम वाळतो आणि अंग थोडे निवते. तिकडे घाम वाळतच नाही, नुसता वाहतो. त्यातून पाणी आणि मीठ दोन्ही जाते. त्यावर कोकमाचे सरबत चिमूटभर मीठ घालून घ्यावे, किंवा आपल्यासमोर फोडलेले शहाळे. जेवणाबरोबर सोलकढी आहेच. आपण आमटीत टाकतो त्याच आमसुलाच्या जातीचे आगळ आणि नारळाचे दूध, वर लसूण-मिरची. पण नारळाचे दूध उन्हात लवकर नासते. सोलकढी ताजीच प्यावी, बाटलीत भरून बरोबर घेऊ नये. मधुमेह असलेल्यांनी सरबत बिनसाखरेचे मागावे. पाणी उकळलेले किंवा गाळलेले आहे ना, हे विचारायला लाजू नये.

शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. खानावळ चालवणारी ती बाईही आपल्यासारखीच. अचानक पंधरा माणसे दारात आली की काय होते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. म्हणून आदल्या दिवशी फोन करावा, किती पाने, शाकाहारी किती, हे नीट सांगावे, आणि ठरल्या वेळेला पोहोचावे. पानात टाकू नये. पैशासाठी घासाघीस करू नये. मोठ्या हॉटेलात मुकाट्याने बिल भरणारी माणसे या बाईपाशी मात्र म्हणतात, "घरचेच तर जेवण, एवढे कशाला?" भगिनींनो, घरच्या जेवणाला मोल नसते, हे आपण जन्मभर ऐकत आलो. ते वाक्य आपल्या तोंडून तरी निघू नये. तिच्या त्या पैशांवर कोठे मुलीची फी भरली जाते, कोठे औषध येते.

आणि एक दिवस तरी आपण सर्वजणी पहिल्या पंगतीला बसू. कोणाला वाढायचे राहिले, याची चिंता न करता गरम गरम जेवू. जेवण झाल्यावर त्या माउलीला विचारू, "बाई, तुम्ही जेवलात का?"