जागतिक परिषदेतून खेड्याच्या शाळेकडे

(सर्वण, ता. डिचोली येथे ग्रामस्थ व शिक्षक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



परदेशातील शिक्षण परिषदेस एखादा शिक्षक जाऊन आला, म्हणजे त्याने तेथून काय आणले, असे आपण कुतूहलाने विचारतो. तो तेथे काय घेऊन गेला होता, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. या दृष्टीने महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या प्रवासाचा वृत्तान्त मननीय आहे.

अण्णासाहेब कोकणातील मुरुडचे. १८७५ साली सहाव्या इयत्तेच्या परीक्षेसाठी ते सह्याद्री पायी ओलांडून साताऱ्यास गेले. परंतु वयाने लहान दिसतात, या कारणास्तव त्यांना परीक्षेस बसू दिले गेले नाही. पुढे तेच फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला व १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले. जपानमधील महिला विद्यापीठाविषयीच्या एका पुस्तिकेने त्यांना ही प्रेरणा दिली होती.

मार्च १९२९ मध्ये, वयाची सत्तर वर्षे पूर्ण केलेले अण्णासाहेब परदेशी निघाले. २५ जुलै ते ४ ऑगस्ट या काळात जिनिव्हा येथील शिक्षण परिषदेस ते उपस्थित राहिले. त्यानंतर ८ ते २१ ऑगस्टपर्यंत डेन्मार्कमधील एल्सिनोर येथे भरलेल्या नवशिक्षणाच्या परिषदेत त्यांनी भाग घेतला. बालशिक्षणाच्या आद्य प्रवर्तक मारिया माँटेसरी यांचीही उपस्थिती तेथे होती. जिनिव्हात अण्णासाहेबांनी भारतातील स्त्रियांच्या उच्च शिक्षणाचा प्रयोग विशद केला. मातृभाषेतून उच्च शिक्षण देणारा हा प्रयोग त्यांनी स्वतः राबविलेला होता. जगापुढे ठेवण्याजोगे स्वतःचे काम त्यांच्यापाशी होते, हीच त्यांची खरी शिदोरी. पुढे अमेरिकेत व्याख्याने देऊन आणि टोकियोचे महिला विद्यापीठ प्रत्यक्ष पाहून एप्रिल १९३० मध्ये ते स्वदेशी परतले.

एवढे जग पाहिल्यावर त्यांची दृष्टी खेड्याकडे वळली, हे विशेष होय. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. ज्या खेड्यांत लोकल बोर्डाची शाळा नव्हती, तेथे शाळा उघडणे हा त्याचा हेतू. प्रौढांची वाचनाची सवय टिकावी, यासाठीही त्यांनी प्रयत्न केले.

गोमंतकात १९६१ च्या मुक्तीनंतर खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. आज अनेक ठिकाणी त्यांचा पट रोडावला आहे. अशा वेळी चार मुलांच्या वर्गापुढे उभ्या असलेल्या शिक्षकास आपले काम क्षुल्लक वाटणे शक्य आहे. तथापि तो वर्ग मनापासून चालवणे, एखादी नवी रीत करून पाहणे आणि तिची नोंद ठेवणे, यातूनच जगास सांगण्याजोगे काही निर्माण होते. पालकांनी मूल शाळेत पाठवावे, ग्रामस्थांनी शाळेत डोकवावे, अधिकाऱ्यांनी शिक्षकाचे म्हणणे ऐकून घ्यावे. अण्णासाहेबांचे स्मरण याहून निराळ्या मार्गाने करावयाचे नाही.