आत गेलेल्या माणसांचं लहानपण
(कार्यकर्ता शिबिरातलं भाषण)



सकाळपासून दाव्यांवर बोलणं झालं. आता आपली जी माणसं तुरुंगात आहेत, त्यांच्या लहानपणाबद्दल बोलू.

आम्ही मुलाकातीला जातो तेव्हा विचारतो, पोलिसांना खरं का नाही सांगितलंस? बरेच जण खाली बघतात. म्हणतात, तोंडच उघडलं नाही. मग हळूहळू मागचं निघतं. कोणाचं झोपडं वनखात्याच्या लोकांनी डोळ्यांसमोर मोडलं. कोणी वीटभट्टीवर वाढला, शेठ बापाला मारत होता ते बघत राहिला. कोणी आश्रमशाळेत आपली भाषा बोलला म्हणून मार खाल्ला. तेव्हा पोर एकच शिकतं, गप्प राहायचं नाहीतर पळायचं.

तेच पोर मोठं होतं. खाकी कपडा दिसला की पळतं. पोलीस म्हणतात, पळाला म्हणजे चोर. ठाण्यात गप्प बसतं, तर म्हणतात कबूल आहे. न वाचता अंगठा देतं. कोणी दारूत बुडतो, कोणाचा हात लवकर उठतो. लहानपणी सोसलं तो गुन्हा करतोच, असं आम्ही म्हणत नाही. आपण बहुतेकांनी सोसलंय. आणि घरच्या बाईला मारलं तर तो गुन्हाच. पण जखम कुठली ते बघितलं नाही तर ती पुढच्या पोराला लागते.

अमेरिकेत 1998 साली डॉक्टरांचा एक मोठा अभ्यास छापून आला. हजारो माणसांना लहानपणीचा मार, घरातली दारू, आईला झालेली मारहाण याबद्दल विचारलं. घरातलं कोणी तुरुंगात गेलं होतं का, हेही विचारलं. अशा गोष्टी जितक्या जास्त, तितकं पुढे व्यसन आणि आजारपण जास्त दिसलं. म्हणजे बाप आत जातो तेव्हा बाहेरच्या पोरालाही शिक्षा होते.

मग आपण काय करायचं?

1) वय बघा. 18 वर्षांखालच्या पोराला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. 2015 चा बाल न्याय कायदा तसं सांगतो. कागदावर अंदाजानं 19 लिहिलं असेल तर शाळेचा दाखला काढा, तो नसेल तर ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच डॉक्टरी तपासणी. गुन्ह्याच्या दिवशी वय कमी होतं, हे निकालानंतरही कोर्टात मांडता येतं.

2) वकील मागा. 1987 च्या कायद्यानं आदिवासीला सरकारी खर्चानं वकील मिळतो. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे अर्ज द्या. माणूस भीतीनं गप्प राहिला, हेही वकिलाला सांगा.

3) पोरांना खरं सांगा. "बाप कामाला गेलाय" म्हणू नका, त्यांना दुसरीकडून कळतंच. मुलाकातीला न्या. घरात दाणे नाहीत म्हणून पोर भट्टीवर जाणार असेल, तर पाड्यानं दाणे गोळा करावे.

4) सुटून आलेल्याला जवळ बसवा. तो रात्री ओरडून उठला तर हसू नका. ग्रामसभेला बोलवा, काम द्या.

आणि झोपडं मोडायला कोणी आलं तर पोरांना आधी शेजारी न्या, मग सगळ्यांनी उभं राहा. दाव्याची चौकशी पुरी होईपर्यंत कोणाला काढता येत नाही, हे 2006 च्या वनहक्क कायद्यात लिहिलेलं आहे.

पुढच्या बैठकीला प्रत्येक पाड्यानं यादी आणावी: आत कोण आहे, त्याचं खरं वय काय, त्याची पोरं कोणाकडे राहतात.

जिंदाबाद!