स्थानिक पालक



माझे गाव आंबागड, तुमसर तालुक्यातले. गावाजवळच्या टेकडीवर राजा खान पठाण याने सन १७०० च्या सुमारास बांधलेला किल्ला आहे. तेव्हा इथे देवगडच्या बख्त बुलंद शाहाचा अंमल होता. नागपूर शहर वसवले तेही याच गोंड राजाने. त्यामुळे लहानपणी आम्हां पोरांना वाटे, नागपूर म्हणजे आपल्याच घरची माडी.

१९८७ च्या जुलैत बी.ए. करायला त्या माडीवर चढायला गेलो, तर दाराला कुलूप! वसतिगृहाच्या यादीत माझे नाव लागले नाही. ज्यांचे लागले त्यांना नियमांचा छापील कागद मिळाला. दार किती वाजता बंद, पाहुणा किती वेळ, जेवण केव्हा, सारे त्यात होते. बाहेर राहणाऱ्यांसाठी अर्जात दोनच रकाने होते, ‘नागपुरातील पत्ता’ आणि ‘स्थानिक पालकाची सही’. माझ्याजवळ दोन्ही नव्हते.

पाच दिवस खोली शोधली. घरमालक गाव विचारत, भाडे सांगत, पंखा लावून दाखवत. मग नाव विचारत. नाव ऐकले की एकाची खोली कालच गेलेली असे, दुसऱ्याचा पुतण्या राहायला येणार असे. आपल्या लोकांच्या वस्तीत गेलो, तर तिथे ‘एकट्या पोराला खोली देत नाही’ हे उत्तर. सहाव्या दिवशी एक म्हातारी भेटली. तिने नाव ऐकून घेतले आणि विचारले, “रात्री दिवा किती वेळ जाळशील?” तिला काळजी विजेच्या बिलाची होती. तिचे नियम दोनच. दहाला दिवा बंद, आणि गावाला जाताना सांगून जायचे.

पत्त्याचा रकाना भरला. पालकाची सही मात्र मी स्वतःच ठोकून दिली. नाव मनातले, वळण डाव्या हाताचे. कुणी काही विचारले नाही.

दिवाळीआधी मला टायफॉइड झाला. कॉलेजात गैरहजेरीचे शेरे पडत होते, पण माझ्याकडे कुणी फिरकले नाही. एका रात्री खोलीत दिवा लागलाच नाही, म्हणून म्हातारीने दार ठोठावले. तिनेच सरकारी दवाखान्यात नेले, तिनेच आंबागडला निरोप धाडला. पुढे हजेरीच्या सवलतीसाठी पालकाला घेऊन या म्हणाले, तेव्हाही तीच आली. बाबूने नाते विचारले. ती म्हणाली, “लिवा ना, मावशी.” आणि अंगठा उठवला.

आज नियम पुष्कळ आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे रॅगिंगविरोधी विनियम आवाराबाहेरच्या जागांनाही लागू आहेत. खासगी वसतिगृहांची आणि लॉजची स्थानिक पोलिसांकडे नोंद व्हावी, असे त्यांत म्हटले आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आली. तिच्या मूळ दरांत नागपूरसारख्या शहरासाठी वर्षाला ६० हजार रुपये धरले होते, त्यांपैकी २० हजार निवासाचे. ही मोठी गोष्ट आहे. माझ्या वेळी असे काही असते, तर कितीतरी पोरे अर्ध्यावर गावी परतली नसती.

पण पैसा हाती आला तरी खोली देणारा माणूस लागतो, आणि नावापाशी अडलेले दार पैशाने उघडतेच असे नाही. म्हणून वाटते, कॉलेजने बाहेरच्या मुलांना वेळापत्रकात बांधू नये, पण त्यांची खबर ठेवावी. खोल्या देणाऱ्या घरांची यादी ठेवावी, नाव ऐकून दार लावणारे घर त्या यादीत नसावे. आठवडाभर पोर वर्गात दिसले नाही, तर कुणीतरी त्याच्या खोलीवर जाऊन यावे.

आणि अर्जावरच्या स्थानिक पालकाला एकदा फोन तरी करावा. माझ्या पालकाचा शोध कुणी घेतला असता, तर असा माणूस नागपुरात नाही, हे पहिल्याच दिवशी कळले असते.