शेरा लिहिणारा हात



बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री होते. १९४६ च्या कायद्याने कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. मनुष्यबळ व्यवस्थापनाचा पहिला धडा आम्ही येथूनच घेतो: माणूस आधी, काम नंतर.

आज वाशिम जिल्ह्याच्या सहाही तालुक्यांत आपली मुले-मुली सरकारी कचेऱ्यांत आहेत. त्यांची बढती गोपनीय अहवालावर ठरते. पूर्वी केवळ प्रतिकूल शेरेच कळवीत. देव दत्त या अभियंत्याची बढती मात्र 'चांगला' या शेऱ्यानेच अडली, कारण तेथे 'खूप चांगला' लागत होता आणि शेरा त्यांना कळविलाच नव्हता. प्रत्येक शेरा कळविलाच पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिला.

म्हणून नोकरदार बांधवांना आमचे सांगणे आहे: अहवाल वाचा, अन्याय वाटल्यास मुदतीत लेखी निवेदन द्या. आणि जे आता इतरांचे अहवाल लिहितात, त्यांनी वर्षभर कामाची टिपणे ठेवावीत, जात व नातेगोते बाजूला ठेवून लिहावे. आपण सोसले ते आपल्या लेखणीने कुणाला सोसावे लागू नये. सम्यक कर्म ते हेच.

नमो बुद्धाय!