दीड गुंठ्याचा खेळ
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



शहापूर-मुरबाडच्या शाळा-महाविद्यालयांतून मुलांचा व तरुणांचा व्हॉलीबॉल कसा वाढेल, यावर आम्ही बोलावे अशी मंडळाची आज्ञा झाली. विषय क्रीडाशिक्षकाचा, आम्ही पडलो साधे प्राथमिक शिक्षक. शिवाय या खेळाच्या बाबतीत आमच्या हातून एक अपराध घडला आहे. तो आधी सांगितला पाहिजे.

आम्ही नोकरीत नवे असताना शाळेला एक जाळे व दोन चेंडू मिळाले. आम्ही ते जडवस्तूंच्या नोंदवहीत चढविले, कपाटात ठेविले आणि कुलूप लाविले. चेंडू फाटला तर तपासणीच्या वेळी जाब कोणी द्यावा, ही धास्ती! मुले आंब्याच्या दोन झाडांना बैलाचा कासरा बांधून चिंध्यांच्या चेंडूने खेळत राहिली. दोन पावसाळ्यांनंतर कपाट उघडले, तो जाळे उंदरांनी कुरतडलेले आणि चेंडूंना बुरशी धरलेली. नोंदवहीत मात्र दोन्ही चेंडू सुस्थितीत होते. त्या मुलांपैकी एक गृहस्थ आज पन्नाशीत आहेत. वाटेत भेटले की हसून विचारतात, "गुरुजी, चावी सापडली का?" त्यांना द्यावयास आमच्यापाशी आजही उत्तर नाही.

असो. हा खेळ मुळात शाळकरी मुलांसाठी निघालाच नाही. अमेरिकेतील होलिओक या गावी विल्यम मॉर्गन नावाच्या व्यायामशिक्षकाने 1895 साली तो काढिला, तो दिवसभर कामधंदा करून थकून येणाऱ्या प्रौढ गृहस्थांसाठी. बास्केटबॉलची धावाधाव त्यांना झेपत नव्हती. म्हणजे शेतावरून किंवा आसनगाव-वाशिंदच्या कारखान्यांतून संध्याकाळी परतणाऱ्या आपल्या माणसाला हा खेळ परका नाही.

जागेचे म्हणाल, तर क्रीडांगण 18 मीटर लांब व 9 मीटर रुंद. आपल्या हिशेबाने दीड गुंठ्याहून किंचित अधिक. भोवतीची मोकळी जागा धरली तरी साडेतीन गुंठ्यांत काम भागते. पुरुषांचे जाळे 2.43 मीटर, म्हणजे आठ फुटांना थोडे कमी. क्रिकेटला लागणारे मैदान आता कोणत्या गावात उरले आहे? गुरचरणाच्या कडेपर्यंत बंगल्यांची कुंपणे आली, समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेला, आणि जमीन गुंठ्यागुंठ्याने मोजली जाऊ लागली. दीड गुंठा मात्र अद्याप प्रत्येक शाळेपाशी आहे. तोही किती दिवस राहील, हे आम्हांस सांगता येत नाही.

खरी अडचण पंचांगाची आहे, आणि तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. शालेय स्पर्धा चौदा, सतरा व एकोणीस वर्षांखालील अशा गटांत होतात. तालुक्याच्या फेऱ्या येतात साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात. तानसा, वैतरणा आणि भातसा भरून मुंबईची तहान भागविणारा पाऊस त्या वेळी आपल्या मैदानांवर उभा असतो. त्याआधीचे दिवस मुलांनी लावणीच्या चिखलात काढलेले. जून उजाडल्यावर सरावाचा विचार करणारी शाळा स्पर्धेला जाते ती हरावयासच. आपला खेळाचा हंगाम भात कापल्यावर सुरू होतो. ज्या रीतीने आपण खळे करतो, माती ओलवून, धुमसाने ठोकून, शेणाने सारवून, त्याच रीतीने क्रीडांगण करावे. कार्तिकापासून वैशाखापर्यंत सहा महिने मिळतात. तेवढ्यात मुलाचा हात बसतो.

तो हात बसवावयाचा कोणी? प्रत्येक शाळेत क्रीडाशिक्षक नाही, आणि जेथे आहे तेथे त्याच्यामागे इतर कामे पुष्कळ. येथेच आमचे मुख्य म्हणणे आहे. दहावी-बारावीनंतर मुलाचा खेळ सुटतो. महाविद्यालयात गेलेल्यांपैकी थोडे मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांपर्यंत पोहोचतात. बाकीचे चौकात बसून मोबाइल पाहतात. शाळेचे मैदान पाच वाजता बंद होते, आणि ज्यांना खेळ येतो ते बाहेर राहतात. ते मैदान संध्याकाळी या तरुणांना उघडावे, आणि त्यांनी एका बाजूला लहान मुलांना घेऊन खेळावे. केरळातील पेरावूर या लहानशा गावी जिमी जॉर्ज आपल्या वडिलांपाशी खेळावयास शिकले. त्यांचे भाऊही खेळाडू निघाले. जिमी पुढे इटलीत खेळले, आणि 1986 साली सोल येथील आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळविणाऱ्या भारतीय संघात होते. आपल्या संघाने त्यापूर्वी 1962 साली जकार्ता येथे रौप्यपदकही मिळविले होते. हे आपल्या किती मुलांना ठाऊक आहे?

पालक आम्हांस विचारतात, यातून नोकरी मिळेल काय? राज्याच्या शासकीय सेवेत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, परीक्षेत वाढीव गुणांचीही सवलत आहे. परंतु ती मोठ्या पातळीवर चमकणाऱ्या थोड्यांना. त्या आशेने मुलाला मैदानावर पाठवू नये. संध्याकाळचे दोन तास तो कोणाच्या संगतीत आहे हे आपल्याला कळते, एवढ्यासाठी पाठवावे.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलतो, रागावू नये. आपल्या मंडळात समाजापुरती स्पर्धा भरविण्याची सूचना आली आहे, जशा सध्या जागोजागी समाजाच्या क्रिकेटच्या स्पर्धा होतात, तशी. चषक उंच, मंडप मोठा, आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर कागदी पेले. आमचे मत तिच्या विरुद्ध आहे. सहा खेळाडू एका आळीतून मिळत नाहीत. आश्रमशाळेतील ठाकूर-कातकरी मुले त्याच बाकांवर शिकतात. जाळ्यापाशी त्यांना वगळले, तर संघही दुबळा होईल आणि आपली मुले नको तो धडा शिकतील. चषकाचे पैसे चेंडू-जाळ्यांस द्यावे, आणि ते ज्या शाळेला द्यावयाचे तिच्या मुख्याध्यापकांना लेखी कळवावे की चेंडू झिजला तर मंडळ जाब विचारणार नाही. तो कोरा राहिला तर विचारील.

मुलींच्या खेळाविषयी आज बोलता आले नाही. त्यांच्या अडचणी वेगळ्या आहेत, आणि त्या आमच्यापेक्षा एखाद्या भगिनीने मांडाव्यात.

आमच्या गावापुरते सांगतो. भात कापले की शाळेमागची जागा ठोकावयाची आहे. सरपंचांची व मुख्याध्यापकांची संमती मिळाली आहे. धुमस आमच्या घरी आहे. दोन खांब हवे आहेत. ज्यांच्याकडे असतील त्यांनी जेवणानंतर आम्हांस भेटावे.