कागद पोचला, माणूस राहिला

वकील आणि कोर्ट कर्मचाऱ्यांच्या या परिषदेत वर्षभराच्या कामाचा आढावा अध्यक्षाने घ्यायचा असतो. तो छापील अहवालात आला आहे, कृपया वाचून घ्यावा. मला आज एकाच माणसाबद्दल बोलायचं आहे.

नाझर विभागातले, समन्स घरोघर पोचवणारे आपले बेलिफ या महिन्यात निवृत्त होत आहेत. मुरूमगाव-पेंढरीकडच्या गावांत त्यांना सगळे बेलिफभाऊ म्हणतात, मीही तेच म्हणतो. त्यांच्या घरची बोली गोंडी. नोकरीच्या कागदावर या गोष्टीची कुठेही नोंद नाही.

सकाळच्या सत्रात समन्स मोबाईलवर पाठवावं का, यावर दोन तास वाद झाला. 1 जुलै 2024पासून नव्या फौजदारी संहितेने ती वाट उघडली आहे. एक बाजू म्हणाली, नेटवर्क नाही. दुसरी म्हणाली, टॉवर येतील. येतील की! पण माझी हरकत टॉवरला नाहीच.

वीस वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. वाटणीचा दावा होता. माझा पक्षकार दीर, प्रतिवादी त्याची विधवा भावजय. मोहफुलांचा हंगाम, बाई पहाटेच रानात गेलेली. बेलिफाला वाटलं असतं तर पुन्हा एखादी चक्कर मारून, दोन पंच गाठून, दारावर प्रत चिकटवून तामील दाखवता आली असती. आदेश 5, नियम 17 आपल्याला पाठच आहे. बाई आली नसती, मी एकतर्फी हुकूमनामा घेतला असता. बेलिफभाऊंनी मात्र समन्स परत आणलं आणि अहवालात लिहिलं, ‘भेट झाली नाही, पुन्हा जावे लागेल.’ तारीख पडली. कोर्टाच्या व्हरांड्यात चार लोकांदेखत मी त्यांना वाट्टेल ते बोललो. ते शांतपणे म्हणाले, “कागद घरी पोचला असता जी, मानसाजवर नसता पोचला.”

दुसऱ्या खेपेला ते गावात मुक्कामाला राहिले. संध्याकाळी बाई परतल्यावर अंगणात बसून तिला गोंडीत सगळं सांगितलं. दावा कुणाचा, कशाचा, तारीख कोणती, गडचिरोलीला मोफत वकील कुठे मिळेल. तारखेला ती आली. नवऱ्याच्या वाट्याची धानाची बांधी तिच्याकडेच राहिली, तडजोडीत, माझ्या पक्षकाराच्या सहीने. ते समन्स दाराला चिकटलं असतं तर ती बांधी मीच तिच्याकडून काढून घेतली असती, अगदी कायदेशीर मार्गाने. वीस वर्षं ही गोष्ट मला सोडत नाही.

मित्रहो, 21 जुलै 1998च्या अधिसूचनेने जिल्हा आणि तालुका कोर्टांची भाषा मराठी झाली. त्या निर्णयाचा आपल्याला अभिमान आहे, मलाही आहे. पण त्या बाईला मराठी ही इंग्रजीइतकीच सरकारी. 2011च्या जनगणनेत जवळजवळ तीस लाख लोकांनी गोंडी ही आपली भाषा सांगितली. बोडो आणि संथाळी आठव्या अनुसूचीत गेल्या, गोंडी बाहेरच आहे. कायदा दुभाष्याला ओळखतो. 1969च्या शपथ अधिनियमात साक्षीदाराप्रमाणे दुभाष्यालाही शपथ आहे. आणि माझ्या वकिलीत मी काय पाहिलं? साक्ष अडली की जो हाताशी सापडेल तो दुभाषी. कधी शिपाई, कधी पोलीस, एकदा तर समोरच्या पक्षाचा मेहुणा! त्या मेहुण्याच्या तोंडून आलेलं वाक्य साक्षीच्या कागदावर कायमचं बसलं. कुणी हरकत घेतली नाही. मीही नाही.

इथून तीन-चार किलोमीटरवर लेखा-मेंढा आहे. 2009मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवलेलं गाव. तिथे ग्रामसभेत सगळ्यांची सहमती होईपर्यंत निर्णय होत नाही. त्याच तालुक्यातला माणूस आपल्याकडे येतो तेव्हा त्याच्याबद्दल त्याला न कळणाऱ्या भाषेत निर्णय होतो. हे आपण वर्षानुवर्षं चालवून घेतलं आहे. ‘आम्ही काय करणार, दुभाष्याचं पदच मंजूर नाही,’ हे उत्तर मी या सभागृहात आता ऐकून घेणार नाही. पद मंजूर नाही, कारण आपण ते कधी मागितलं नाही.

परिषदेने मागणीचा ठराव करावा, मसुदा बघू कुणी लिहायचा ते. गोंडी-मराठी न्यायालयीन शब्दांची एक वहीही व्हायला हवी. ती कशी, कधी, हे कार्यकारिणीत बोलू.

वहीची सुरुवात मात्र मी काल करून टाकली. बेलिफभाऊंच्या घरी जाऊन विचारलं, ‘एकतर्फी’ला गोंडीत काय म्हणता? ते बराच वेळ विचार करत बसले. मग म्हणाले, “तसा शब्द नाही जी. मी एवढंच सांगतो, तू नाही आलीस तर तुझं न ऐकताच तुझ्या बांधीचं ठरेल.” मी ते गोंडीत त्यांच्याकडून म्हणवून घेतलं आणि पहिल्या पानावर लिहिलं. वही इथे टेबलावर आहे. बेलिफभाऊ, वहिनींना घेऊन वर या. शाल-श्रीफळ नंतर देऊ, आधी दुसरा शब्द सांगा.